खजुराची खोली

१

आमच्या घरी एक नियम होता. घरात मराठीच. मैनाने इंग्रजीत काही मागितलं की मी बहिरी व्हायचे. 'मम्मी, वॉटर' असं तिनं दहा वेळा म्हटलं तरी मी आपली भाजी चिरत बसायचे. 'आई, पाणी दे' म्हटलं की लगेच पेला हातात. माझा नवरा धनेश म्हणायचा, "एक दिवस तहानेनं मारशील पोरीला." मी म्हणायचे, मारीन पण मराठीत मारीन. असली वाक्यं तोंडातून सहज जातात आणि मग जन्मभर आठवत राहतात.

मी देवरूखची. मराठी घेऊन बी. ए. केलं, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलंही. हट्टी आहे हे मला माहेरचे, सासरचे आणि ओमानचे असे सगळेच सांगतात, तेव्हा ते खरं असावं. धनेश ओमानच्या किनाऱ्यावर खाबुरा गावी एका मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशिनं सांभाळायचा. २०१३ साली आमच्या त्या गल्लीत मराठी घरं दोनच. एक आमचं आणि एक खालच्या मजल्यावर सुरैयाभाभींचं. त्या हर्णैच्या. त्यांचे यजमान मुस्तफाभाई शिंपी होते, ओमानी लोकांचे पायघोळ झगे शिवायचे. त्यांची उमामा आणि आमची मैना दोघी दुसरीत, एकाच वर्गात. आपसात फाडफाड इंग्रजी. मैनाचं मराठी म्हणजे 'आई, माझा भूक लागला.' मला रडू यायचं बाकी होतं.

घरापासून पंधरा मिनिटं चालत गेलं की खजुराच्या बागांच्या कडेला एक पडका किल्ला होता. मातीचा. चार बुरुजांपैकी एकच धड उरलेला. नगरपालिकेनं त्याच्याभोवती हिरवळ लावली होती, झोपाळे आणि घसरगुंडी बसवली होती, सिमेंटची बाकं ठेवली होती आणि बाग म्हणून तो खुला केला होता. रविवार आणि मंगळवार फक्त बायकामुलांसाठी. थंडी सुरू झाली की त्या दोन दिवशी चार वाजता आम्ही जायचो. मुली किल्ल्यात लपाछपी खेळायच्या, मी बुरुजाच्या सावलीतल्या बाकावर बसायचे. सुरैयाभाभी कधी यायच्या, कधी उमामाला माझ्याबरोबर लावून द्यायच्या.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी आतून मैनाची हाक आली. "मम्मी!" मी गप्प. पुन्हा "मम्मी!" मी पर्समधून शेंगदाणे काढून खात बसले. बाहेर असले तरी नियम तो नियम. तिसऱ्या हाकेत जरासा रडवा सूर होता. मग हाका थांबल्या. मला वाटलं, शिकली. पाच मिनिटांत मैना बाहेर आली, तोंड हसरं, गुडघ्याला माती. मी काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही.

२

पुढच्या रविवारी मी बाकावर बसून स्वेटर विणत होते. ओमानात स्वेटर कशाला असं धनेश विचारतो, पण हाताला काम लागतं. मैना माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, उन्हं कलली. निघूया ना?"

माझा टाका सुटला. उन्हं कलली. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मी स्वतःदेखील असं बोलत नाही. मी म्हणते 'पाच वाजले.' मी वळून बघितलं तर ती मावळतीकडे बघत उभी होती, एक हात कपाळावर आडवा धरून, बागायतीतली बाई बघते तशी.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आईनं," ती म्हणाली.

मी हसले. म्हटलं, चला, कधीतरी मी बोलले असेन, पोरीनं टिपून ठेवलं असेल. मुलं काय कुठून उचलतील सांगता येत नाही. घरी येईपर्यंत मी ते वाक्य तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. रात्री धनेशला ऐकवलं. तो म्हणाला, "कलली म्हणजे काय?" त्याची ही तऱ्हा, पोरीची काय असणार. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

३

जानेवारीत मैना घडाघडा बोलायला लागली. 'माझा भूक' गेलं, 'मला भूक लागलीय' आलं, आणि त्याच्या मागोमाग 'पोटात कावळे ओरडतायत' आलं. 'थंडी वाजते' न म्हणता ती 'काकडले' म्हणायला लागली. मी देवरूखला फोन लावला. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले आणि एका कानानं अधू. एरवी नातीशी त्यांचं बोलणं म्हणजे 'हॅलो आजोबा, बरा आहे' आणि खलास. त्या दिवशी पंधरा मिनिटं दोघं बोलत होते. शेवटी अण्णांनी मला फोन द्यायला सांगितलं आणि म्हणाले, "विशू, जन्माचं सार्थक केलंस." मी मोरीत जाऊन रडले, आनंदानं.

मस्कतला मराठी मंडळाची मुलांसाठी कथाकथनाची स्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी होती. मी मैनाचं नाव दिलं.

आता दोन गोष्टी सांगते. त्या मला तेव्हाही दिसत होत्या. माणूस खूश असला की दिसलेलंही नजरेआड करतो.

एक म्हणजे तिची बोटं. किल्ल्यावरून आली की बोटं चिकट असायची. वास काकवीसारखा. मी विचारलं तर म्हणे आत खजुराच्या खोलीत खेळतो. किल्ल्यात शेवटची खोली खजुराची होती. बाहेर पाटीवर लिहिलेलं होतं की पूर्वी इथं खजुरांची पोती थरावर थर रचत, वजनानं त्यातून पाक गळे आणि जमिनीतल्या पन्हळींतून वाहत एका घड्यात जमे. पूर्वी म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी. आता त्या पन्हळींत धूळ आणि चिप्सची पाकिटं होती. मी समजूत घातली की कुणीतरी मुलांना खजूर वाटत असेल. ओमानी बायका वाटतातच, डबे घेऊन येतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. बाकावर बसलं की त्या खोलीतून मैनाचं बोलणं पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं. ती एक वाक्य बोले, मग थांबे, मग पुढचं बोले. मधलं थांबणं अगदी समोरच्यानं उत्तर द्यावं तेवढं. मी विणता विणता कान द्यायचे. थांबण्याच्या वेळात काही ऐकू यायचं नाही. उमामा असेल, हळू बोलत असेल, असं मला वाटायचं. पण उमामा पुष्कळदा समोर झोपाळ्यावर असायची.

४

एका रविवारी मी उमामाला घ्यायला खाली गेले तर सुरैयाभाभी दारातच म्हणाल्या, "आज ती नाय येणार, ताई."

"बरं नाही का?"

"बरी हाय. येत नाय बोलते." त्यांनी मला आत बसवलं, चहा टाकला. मग म्हणाल्या, "ताई, तुमी आत जाऊन बसता काय पोरींपाशी? त्या अंधाऱ्या खोलीत?"

"मी? मी बाहेर बाकावर असते. तुम्ही बघितलंय की."

"तेच मी उमामाला बोलले. ती बोलते, मैनाची अम्मी आत बसते आणि स्टोरी सांगते. हिला समजत नाय म्हणून ही बाहेर येते." भाभींनी माझ्याकडे बघितलं नाही, कपात बघत राहिल्या. "मी पोरीला विचारलं, दिसते का? तर बोलते, आवाज मैनाच्या अम्मीचा. अंधारात दिसणार काय."

मी म्हटलं, "अहो, भातुकली खेळतात पोरी. कुणी आई होतं, कुणी बाबा होतं."

"आसेल," त्या म्हणाल्या. "पण ताई, राग मानू नका. तुमी बी नका जाऊ."

मला राग आलाच. माझी मुलगी आता कुठं माणसासारखी बोलायला लागली होती आणि हिच्या पोरीला समजत नाही म्हणून आम्ही घरी बसायचं? ऐकावे जनाचे, करावे मनाचे. मी मैनाला घेऊन गेले.

पण त्या दिवशी मी तिला आधी झोपाळ्यावर बसवलं आणि स्वतः त्या खोलीत जाऊन बघितलं. दार इतकं बुटकं की कंबरेत वाकावं लागलं. आत खिडकी नाही. दारातून पडलेला उजेड चार पावलांवर संपत होता. पन्हळी कोरड्या. एक फुटका फुगा, एक चिप्सचं पाकीट. भिंतींना हात लावला तर माती गार. कुणीही नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं, "बघ, काही नाही." हे मी कुणाला सांगितलं, माहीत नाही. माझा आवाज त्या खोलीत अजिबात घुमला नाही. बंद खोलीत आवाज थोडा तरी परत येतो. इथं तो जाऊन तिथंच राहिला, कुणीतरी ठेवून घेतल्यासारखा.

बाहेर आले. झोपाळा रिकामा हलत होता. मैना बाकावर माझ्या जागी बसली होती, माझं विणकाम मांडीवर घेऊन, आणि दाराकडे बघत होती. "बाहेर का आलीस?" तिनं मला विचारलं. "गोष्ट अर्धीच राहिली ना."

५

स्पर्धेला पंधरा दिवस उरले होते. मी तिला एक छोटी गोष्ट लिहून दिली होती, उंटावरच्या शहाण्याची. जेवणं झाल्यावर धनेशला सोफ्यावर बसवलं, मैनाला समोर उभं केलं आणि म्हटलं, कर सुरू.

तिनं हात मागे बांधले आणि सुरू केलं. "एक होती पोर. ती अंधारात सापडली. तिनं आईला हाक मारली. आई बाहेरच बसली होती. आईला ऐकू गेलं, पण तिनं ओ दिली नाही. पोरीनं पुन्हा हाक मारली. आई शेंगदाणे खात होती. पोरीनं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आतूनच कुणीतरी म्हणालं, ओ. तेव्हापासून पोर सुखी झाली. कारण हाक मारली की ओ देणारी आई तिला मिळाली."

ती वाकून नमस्कार करून थांबली. धनेशनं टाळ्या वाजवल्या. "वा, हे कुठलं? हिला तो उंटवाला लिहून दिला होतास ना?"

शेंगदाण्यांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाकावरून त्या खोलीचं दार दिसतं, पण खोलीच्या आतून बाक दिसत नाही, मधे भिंतीचा कोपरा येतो. मी आत गेले त्या रविवारी हे बघितलेलं होतं.

आमच्या कोकणात तिन्हीसांजेला किंवा भर दुपारी कुणी हाक मारली तर लगेच ओ देत नाहीत. हाक कुणाची आहे ते आधी बघतात. हाक मारणाऱ्याला ओ कोण देतंय हे बघायला मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

"मैना," मी म्हटलं, "ये, झोपायला चल."

तिनं मान वर केली. शहाण्यासारखं हसली. "काकू," ती म्हणाली, "आधी थोडं पाणी देता का?"

धनेश खो खो हसला. "काकू! बघ, आता आदरानं बोलते. आणखी शिकव."

मी पाणी दिलं. पेला तिनं दोन्ही हातांनी घेतला, परक्या घरी मुलं घेतात तसा.

६

मी किल्ल्यावर जाणं बंद केलं. सांगायला सोपं आहे. रविवारी चार वाजता मैना बूट घालून दाराशी उभी राहिली आणि सात वाजेपर्यंत तशीच उभी. रडली नाही, हट्ट केला नाही. मंगळवारीही तेच. जेवण चिमणीएवढं. शाळेच्या डायरीत टीचरनं लिहून पाठवलं की ती वर्गात इंग्रजीत उत्तरं देत नाही, काही विचारलं की आपल्या भाषेत बोलते, घरी सराव घ्या. मी ते तीन वेळा वाचलं. वर्षभरापूर्वी अशी चिठ्ठी आली असती तर मी चौकट करून भिंतीवर लावली असती.

आता धनेशही घाबरला. तिला डॉक्टरकडे नेलं. कान बरे, घसा बरा, ताप नाही. डॉक्टर म्हणाले, गावाकडची आठवण येत असेल. ती गावाला जन्मात दोनदा गेली होती.

त्या आठवड्यात तिनं मला एकदाही आई म्हटलं नाही. सगळं काकू. 'काकू, भाजी छान झालीय हो.' 'काकू, मी ताट उचलू का?' इतकं गोड, इतकं शुद्ध बोलायची की मला ओरडावंसं वाटे. हेच मी मागितलं होतं आणि हेच मला मिळालं होतं. बोलणार कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शनिवारी मी तिची वेणी घालत होते. ती आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "काकू, तुम्ही मला घरी कधी सोडणार?"

मी वेणी पुरी केली. रबर लावला. मग बाल्कनीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढले, घड्या घातल्या, आणि घड्या घालता घालता माझं ठरलं. माझी पोर घरात होती, पण तिला आणायला मला किल्ल्यावर जावं लागणार होतं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण भीती वाटते म्हणून पोर सोडून देतात का? धनेशला काही बोलले नाही. तो आला असता तर त्यानं टॉर्च आणला असता, भिंतीवर थापा मारून बघितल्या असत्या आणि पोरीला समजावलं असतं. यातलं काही उपयोगाचं नाही हे मला कळत होतं. ओ मी दिली नव्हती. निस्तरायचं मलाच होतं.

७

रविवारी चारला आम्ही निघालो. बागेत दोन ओमानी बायका चटई टाकून चहा पीत होत्या, त्यांची मुलं घसरगुंडीवर होती. माळी पाणी मारत होता. लख्ख ऊन होतं. फाटकातून आत पाऊल टाकताच मैनानं माझ्या हातातून हात सोडवला आणि पळत किल्ल्यात गेली.

मी पळाले नाही. चालत गेले. खोल्यांच्या ओळीपाशी पोचले तेव्हाच वास आला, काकवीचा, दाट, गोड. दाराशी मला माझाच आवाज ऐकू आला.

तो माझाच होता. देवरूखचा हेल, वाक्याच्या शेवटी मी जरा खाली येते ते, सगळं. फक्त त्यात चीड नव्हती. मी मैनाशी इतकं सावकाश कधी बोलले नव्हते. तो आवाज गोष्ट सांगत होता आणि गोष्ट फार सुंदर होती. एक शब्दही मला आता आठवत नाही, पण दाराशी उभी राहून मी ऐकत राहिले, किती वेळ कुणास ठाऊक. पायाला ओल लागली तेव्हा भानावर आले. पन्हळींतून काहीतरी दाट, काळं, हळूहळू वाहत होतं.

मी वाकून आत गेले.

मैना मधोमध जमिनीवर आडवी झाली होती, डोळे मिटलेले. एक हात तिच्या केसांवरून फिरत होता. हलके, कपाळापासून मागे, पुन्हा कपाळापासून मागे. बांगड्या माझ्यासारख्याच, दोन. तो हात समोरच्या भिंतीलगतच्या अंधारातून येत होता. ती भिंत मैनापासून सात-आठ फूट तरी लांब होती. मनगटापासून अंधारापर्यंत तो नुसता हातच होता. मधे कुठे कोपर दिसलं नाही.

त्यापलीकडे मी बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं आणि नजर पोरीच्या तोंडावर ठेवली.

"मैना," मी हाक मारली.

"ओ," अंधारातून माझा आवाज म्हणाला. अगदी प्रेमानं.

मैना हलली नाही.

"मैना, ऊठ. आई आलीय."

"हो, आलीय ना," आवाज म्हणाला. "इथंच आहे." आणि गोष्ट पुढे सुरू झाली.

तेव्हा मला समजलं. मराठीत मी काहीही म्हटलं तरी ते तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. ती जागा भरलेली होती. मी जे म्हणेन ते तिकडून जास्त गोड म्हटलं जाणार होतं. पोर माझी होती ती दुसऱ्याच भाषेत, ज्या भाषेत तिनं मला तीनदा हाक मारली होती.

माझं इंग्रजी म्हणजे आनंद आहे. दुकानात सुद्धा मी धनेशला पुढे करते. पण मी जमिनीवर बसले, तो दाट ओलावा साडीला लागला, आणि मी बोलायला लागले.

"मैना. मम्मी इज हिअर. मम्मी कम. सॉरी, मैना. यू कॉल मम्मी, मम्मी नॉट आन्सर. मम्मी व्हेरी बॅड. नाऊ मम्मी आन्सर. यस, मैना. यस, मैना. यू वॉन्ट वॉटर? मम्मी गिव्ह वॉटर. एनी टाइम मम्मी गिव्ह."

गोष्टीचा आवाज जरा वाढला. मी थांबले नाही. शब्द संपले तेव्हा आठवड्याचे वार म्हटले, रंग म्हटले, भाज्यांची नावं म्हटली. टोमॅटो, पोटॅटो, कॅबेज. मधेमधे यस मैना, यस मैना. मला कसलीही लाज वाटत नव्हती. दहा मिनिटं असतील, अर्धा तास असेल, मी बोलत राहिले. गोष्ट सांगणारा आवाज एकदा अडखळला. त्याला ही भाषा येत नव्हती.

हात थांबला. केसांवर तसाच राहिला.

मैनानं डोळे उघडले. "मम्मी?" ती म्हणाली. "इट्स सो डार्क."

"यस, मैना," मी म्हटलं, तिचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर आणली. दारातून वाकून निघताना मागून मला हाक आली. विशू, अशी. लांब, जेवायला बोलावल्यासारखी. हाकेला ओ न देण्याची मला चांगली सवय होती. मी उन्हात आले आणि फाटकापर्यंत थांबले नाही.

८

त्या दिवसापासून आजपर्यंत मी माझ्या मुलीशी मराठीतला एक शब्द बोलले नाही.

मंडळाला कळवलं, नाव काढा. धनेशनं पहिले काही महिने फार चिडवलं. राणीसाहेब म्हणायचा, माझ्या चुका मित्रांना सांगायचा. मी चुका करत राहिले. एकदा तो तिला म्हणाला, "मैना, ये गं इकडे," तर मी हातातली थाळी खाली आपटली. मग तोही इंग्रजीत बोलायला लागला. का ते त्यानं विचारलं नाही. माझा चेहरा बघितला असणार. मे महिन्यात त्यानं दुसरी नोकरी धरली आणि आम्ही मस्कतजवळच्या सीबला आलो. आम्ही निघताना सुरैयाभाभी बाहेर आल्या, मैनाला जवळ घेतलं आणि माझ्याशी मुद्दाम हिंदीत बोलल्या.

मुलं जितक्या लवकर शिकतात तितक्याच लवकर विसरतात. वर्षभरात मैनाचं मराठी पुसून गेलं. आधी होतं तेवढंही राहिलं नाही. अण्णा फोनवर 'काय गं, उन्हं कलली का तिकडं?' असं विचारायचे आणि ती माझ्याकडे बघायची. अण्णांना वाटलं, आखाताचा पैसा डोक्यात गेला, लेक मडमीण झाली. २०१७ साली ते गेले. शेवटच्या फोनवर म्हणाले, "विशू, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." काय सांगणार होते? त्यांच्या मनातून मी उतरले ती उतरलेच. त्याचं दुःख मला अजून आहे आणि पुढेही राहील, पण पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन.

हे मराठीत लिहितेय, कारण तिला ते वाचता येत नाही.

मैना आता तेरा वर्षांची आहे. शाळेत फ्रेंच घेतलंय. मागच्या गुरुवारी मी दुपारभर सीबच्या जुन्या बाजारात होते, पडद्याचं कापड बघत. आले तेव्हा ती टेबलावर अभ्यास करत होती. वहीतून डोकं न काढता तिनं मला इंग्रजीत विचारलं, "दुपारी स्वयंपाकघरात कुणाशी बोलत होतीस?"

मी पिशव्या खाली ठेवल्या. "मी?"

"तूच की. बराच वेळ बोलत होतीस. त्या तुमच्या भाषेत. मी हाक मारली तर गप्प झालीस."

"फोनवर होते," मी म्हटलं. मग शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "काय म्हणत होते मी?"

मैनानं खांदे उडवले. "मला कसं कळणार, मम्मी? मला त्यातलं एक अक्षर कळत नाही."

मी स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला आणि देवापुढे साखर ठेवली.